दोन चॅनलच्या ॲम्पमधून तीन-चार हाय-गेन आवाज: बूस्ट दाबूनही सोलो बुडतो तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. ॲम्प दोन चॅनलचा आहे, एक क्लीन (स्वच्छ आवाजाचा) आणि एक गेन (डिस्टॉर्शनच्या फाटक्या आवाजाचा). गेन चॅनलवर रिफसाठी चांगला आवाज बसवलाय. आता सोलोला जरा जाड, लांबणारा आणि बाकीच्यांच्या वर येणारा आवाज हवा. एका गाण्यात जुन्या हार्ड रॉकसारखा मोकळा क्रंच हवा. दुसऱ्या गाण्यात पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवलेले सूर) अगदी आवळलेले हवेत. क्लीन तर हवाच. म्हणून ॲम्पच्या पुढे, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये, ओव्हरड्राइव्ह पेडल लावला आणि घरी तो भारी वाटला. मग जॅम रूममध्ये ड्रम आणि बेस सुरू असताना सोलोला पेडल दाबलं, तर गिटार वर यायच्या ऐवजी मागेच गेली. गेन वाढवला, तर आणखी मागे. शेवटी निष्कर्ष निघतो की तीन-चार चॅनलचा ॲम्प घ्यायला हवा.

एवढ्यासाठी तरी घेऊ नका. गडबड चॅनल कमी असण्याची नसते, बूस्ट, म्हणजे सिग्नल वाढवणारं पेडल, चुकीच्या ठिकाणी लावल्याची असते.

बूस्ट दाबला तरी आवाज का वाढत नाही

हाय-गेन ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये (ॲम्पचा पहिला भाग, जिथे गेन आणि टोन ठरतो) १२एएक्स७ जातीच्या ट्यूबचे तीन-चार टप्पे एकापुढे एक असतात. प्रत्येक टप्पा सिग्नल मोठा करतो आणि मर्यादेबाहेर गेलेली टोकं छाटतो. हे छाटणं म्हणजेच डिस्टॉर्शन. गेन सात-आठवर असेल तर टोकं आधीच पूर्ण छाटलेली असतात. तिथे पुढून ६ डेसिबल जास्त सिग्नल पाठवला, म्हणजे व्होल्टेज दुप्पट केलं, तरी बाहेर येणारी पातळी जवळजवळ तेवढीच राहते. काठोकाठ भरलेल्या कळशीत पाणी ओतल्यासारखं. पिकचा घाव मात्र दबतो, सुरांमधली शांतता भरून निघते आणि पिकअपची गुणगुण वर येते. बँडमध्ये गिटार ऐकू येते ती बरीचशी त्या पिकच्या घावामुळे आणि मिडमुळे, म्हणजे आवाजाच्या मधल्या पट्ट्यामुळे. घाव गेला की गिटार झांजांच्या आणि बेसच्या मध्ये कुठेतरी विरघळते.

म्हणून एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. छाटणीच्या आधी काही बदललं तर आवाजाचा पोत बदलतो, आणि छाटणीनंतर बदललं तर त्याची पातळी बदलते. ॲम्पचा इनपुट छाटणीच्या आधी येतो आणि इफेक्ट्स लूप छाटणीनंतर. लूप म्हणजे ॲम्पच्या मागचे दोन जॅक: सेंडमधून प्रीॲम्पचा सिग्नल पेडलांकडे बाहेर जातो आणि रिटर्नमधून परत येतो. दोन चॅनलमधून चार आवाज काढायचे म्हणजे या दोन जागा वेगवेगळ्या कामांसाठी वापरायच्या.

दुसरी अडचण टोनच्या नॉबची. दोन चॅनलच्या बऱ्याच ॲम्पमध्ये बास, मिड, ट्रेबल दोन्ही चॅनलना मिळून एकच असतात. १९८७ चा सोल्डानो एसएलओ-१०० तसा आहे, १९९२ चा पीव्ही ५१५० तसा आहे आणि त्याचाच पुढचा अवतार असलेला ६५०५ सुद्धा. नावाजलेले ॲम्प आहेत हे, तेव्हा 'माझा ॲम्प स्वस्त म्हणून असं होतं' हे मनातून काढून टाका. पण याचा अर्थ असा की लीडसाठी टोन बसवला की दुसरा चॅनल आपोआप बदलतो. टोनचा नॉब दोन आवाजांसाठी पुढेमागे करत बसू नका. तो मुख्य रिफच्या आवाजाला बसवा आणि विसरून जा. बाकीचे आवाज त्याच्याभोवती उभे करायचे.

आधी नुसता ॲम्प तपासा

सगळी पेडलं काढा. गिटार सरळ ॲम्पमध्ये लावा. लूपचं सेंड आणि रिटर्न एका चांगल्या छोट्या पॅच केबलने थेट जोडा. आवाज अचानक मोठा किंवा स्वच्छ झाला, तर तुमचा प्रश्न पेडलांचा नाहीच. लूपच्या रिटर्न जॅकमध्ये एक स्प्रिंगचा संपर्क असतो. जॅकमध्ये काही लावलेलं नसताना सिग्नल त्यातून जातो. त्यावर गंज-मळ बसला की आवाज पातळ होतो, मध्येच जातो, ॲम्पला थाप मारली की परत येतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ठेवलेल्या आणि लूप कधीच न वापरलेल्या ॲम्पमध्ये तर हा हमखास संशयित. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, ॲम्प बंद ठेवून, जॅक पाच-सहा वेळा आत-बाहेर केला की बहुतेकदा भागतं.

त्यानंतर गेन खाली आणा. नुसता गेन चॅनल लावून पॉवर कॉर्ड वाजवा, आणि तो जरासा अपुरा वाटेल इथपर्यंत नॉब उतरवा. सातवर असाल तर साडेचार-पाचला या. एकट्याने वाजवताना हे कोरडं वाटेल, आणि तसंच वाटायला हवं. यापुढे जे करायचं त्याला जागा इथूनच मिळते.

ही तपासणी बँडच्या आवाजाच्या पातळीवर करा, घरच्या नव्हे. कान हळू आवाजात बास आणि टोकाचा ट्रेबल कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून घरी, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) एकवर ठेवून, आपण बास आणि ट्रेबल चढवतो, मिड उतरवतो आणि खूश होतो. तोच टोन स्टेजवर नेला की बास फुगतो, वरचा भाग कान फाडतो, आणि गिटारचा खरा पट्टा रिकामा.

पहिला आवाज: आवळलेला रिदम

इथे ट्यूब स्क्रीमर किंवा बॉस एसडी-१ सारखं साधं ओव्हरड्राइव्ह गेन चॅनलच्या पुढे. ड्राइव्ह शून्यावर किंवा त्याच्या जवळ, लेव्हल भरपूर वर, टोन मध्यावर. पेडलकडून डिस्टॉर्शन घ्यायचंच नाहीये. ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो. गिटारची खालची तार ई मध्ये ८२ हर्ट्झला असते, ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (खालची तार सी पर्यंत उतरवलेली) ६५ च्या आसपास. हा खालचा भाग छाटणीच्या आधी जास्त गेला की पाम म्यूट भुसभुशीत होतात. तो आधीच कमी करून पाठवला की पाम म्यूटचा 'चग' असा ठोका नेमका येतो. छाटणीनंतर बासचा नॉब कितीही फिरवला तरी हे होत नाही, कारण तोपर्यंत खालच्या सुरांनी बाकी सगळं गढूळ केलेलं असतं. बऱ्याच ॲम्पमध्ये टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात, हे लक्षात ठेवा.

गेन आधी उतरवायला सांगितला तो यासाठीच. पेडल बंद असताना मोकळा, खडबडीत आवाज आणि पेडल चालू केल्यावर आवळलेला मेटल, असा फरक ऐकू यायला हवा. ऐकू येत नसेल तर ॲम्पचा गेन अजून जास्त आहे. म्हणजे एका गेन चॅनलमधून दोन आवाज झाले, आणि क्लीनला अजून हातही लावलेला नाही.

दुसरा: गिटारचा व्हॉल्यूम नॉब

यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण फुकट आहे. गेन चॅनल तसाच ठेवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहा-सातवर आणला की डिस्टॉर्शन उतरतं आणि पातळी फारशी पडत नाही. कारण तेच: छाटणी कमी होते. दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर नेक पिकअप आधीच सहावर ठेवला, की नुसता टॉगल खाली-वर करून दोन आवाज.

अडचण एकच, नॉब खाली आणला की ट्रेबलही जातो आणि आवाज मळकट होतो. गिटारच्या आत व्हॉल्यूम पॉटवर साधारण १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलो-ओहमचा रेझिस्टर डाग देऊन लावला की हे बरंच सुधारतं. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. सोल्डरिंग येणारा कोणीही अर्ध्या तासात करून देतो आणि सुट्या भागांना चहाएवढे पैसे पडतात.

तिसरा: क्लीन चॅनलवर डिस्टॉर्शन पेडल

वेगळ्या जातीचं डिस्टॉर्शन हवं असेल, म्हणजे ॲम्पचा स्वभाव मार्शलसारखा आणि एका गाण्याला रॅट या पेडलसारखा फाटका आवाज हवा, तर ते पेडल क्लीन चॅनलवर लावा. गेन चॅनलपुढे लावाल तर छाटलेल्याला पुन्हा छाटून नुसता कालवा होईल.

इथली ठरलेली तक्रार: 'पेडल डासासारखं गुणगुणतं.' याची दोन कारणं. क्लीन चॅनलचे टोनचे नॉब सगळे मध्यावर असले म्हणजे आवाज सपाट असतो, हा गैरसमज आहे. फेंडर-मार्शल धाटणीच्या टोन सर्किटमध्ये सगळं मध्यावर ठेवलं तरी मिडमध्ये खड्डा पडलेलाच असतो. बास आणि ट्रेबल बरेच खाली आणि मिड वर ठेवला की आवाज सपाटीच्या जवळ जातो. टोन दोन्ही चॅनलना एकच असेल तर हे नॉब फिरवता येत नाहीत, मग ट्रेबलची वजाबाकी पेडलच्या टोनवर करा. दुसरं कारण ब्राइट स्विच. क्लीन चॅनलला असेल तर बंद करा. काही ॲम्पमध्ये तो स्विच नसतो, पण व्हॉल्यूम नॉबला आतून ब्राइट कपॅसिटर असतो, आणि त्याचा परिणाम नॉब खाली असताना जास्त जाणवतो. अशा वेळी क्लीनचा व्हॉल्यूम चढवून पेडलची लेव्हल उतरवली की डास पळतो.

मेटल झोनसारखं, स्वतःचाच तगडा इक्वलायझर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारे नॉब) असलेलं पेडल असेल तर आणखी एक वाट आहे. गिटार पेडलमध्ये आणि पेडल थेट लूपच्या रिटर्नमध्ये. ॲम्पचा प्रीॲम्प पूर्ण वगळला जातो आणि पेडलच प्रीॲम्प होतं. ज्या पेडलला सगळे नावं ठेवतात ते असं लावल्यावर पुष्कळदा माणसात येतं. मात्र रिटर्नला काही ॲम्पमध्ये बराच मोठा सिग्नल लागतो, त्यामुळे पेडलची लेव्हल जवळजवळ पूर्ण द्यावी लागेल. आणि गाण्याच्या मध्ये हे बदलायचं तर एबी स्विच किंवा लूप स्विचर, म्हणजे सिग्नलची वाट बदलणारं पायाचं बटण, लागतो.

कॉलेज फेस्टला वाजवणाऱ्यांनी क्लीन चॅनलवर पेडलची ही तिसरी वाट बसवूनच ठेवावी. स्टेजवर कुठला ॲम्प येईल, त्याचा फूटस्विच सोबत येईल का, लूप चालतो का, कशाचीच खात्री नसते. क्लीन चॅनल मात्र जवळजवळ सगळ्यांना असतो.

आता सोलो

मूळ प्रश्न हा आणि उत्तर लूपमध्ये आहे. लूपमध्ये इक्वलायझर पेडल लावा. बॉस जीई-७ सोपं पडतं, त्यात १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ आणि १.६, ३.२, ६.४ किलोहर्ट्झ असे सात पट्टे आणि वेगळी लेव्हल आहे. सुरुवात अशी करा: १०० हर्ट्झ ३-४ डेसिबल खाली, २०० जरासा खाली, ८०० चार-पाच डेसिबल वर, १.६ किलोहर्ट्झ तीन वर, ६.४ दोन-तीन खाली. लेव्हल तीनच्या आसपास वर. एकट्याने ऐकाल तर हा आवाज नाकातला, बोजड वाटेल. बँडमध्ये तो सरळ पुढे येतो, कारण खालचा पट्टा बेस आणि किकला सोडलाय, वरचा झांजांना सोडलाय आणि मधे तुम्ही एकटे उरलाय. सोलोला एकूण तीन ते पाच डेसिबलची उडी पुरते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि तेवढा चढवलात तर साउंडमन तुमचा फेडर खाली ओढेल. मग कितीही पेडलं दाबा.

स्लायडर फार वर नेले की हिस्स वाढतो. म्हणून शक्यतो नको ते कापा आणि उरलेलं लेव्हलने उचला.

लूपमध्ये डिलेही (प्रतिध्वनी देणारं पेडल) असेल तर इक्वलायझर डिलेच्या आधी ठेवा. उलट ठेवलं आणि सोलो संपताच पेडल बंद केलं, तर शेवटच्या सुराची शेपटी अचानक खाली आपटते.

मार्शल डीएसएल४०सीआर सारख्या ॲम्पमध्ये दोन मास्टर व्हॉल्यूम असतात आणि ते फूटस्विचवरून बदलता येतात. तिथे पेडलशिवायच सोलोची पातळी मिळते. टोन तोच राहतो, पण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. पीव्ही ६५०५ सारख्याच्या फूटस्विचवर चॅनलबरोबर लूपचंही बटण असतं. इक्वलायझर लूपमध्ये कायम चालू ठेवून ॲम्पच्याच बटणाने लूप आत-बाहेर केला की तोच सोलो बूस्ट. फक्त मग डिले त्या लूपमध्ये ठेवता येत नाही.

लूपमधला बूस्टही काम करत नसेल तर या तीन गोष्टी बघा.

लूप समांतर जातीचा आहे का? अशा लूपमध्ये मूळ सिग्नलचा एक भाग लूप टाळून थेट पुढे जातो आणि पेडलचा आवाज त्यात मिसळतो. रिव्हर्बला हे चालतं, इक्वलायझर आणि व्हॉल्यूम बूस्टचं मात्र निम्मं काम वाया जातं. मिक्सचा नॉब असेल तर शंभर टक्क्यांवर न्या.

ॲम्पचा पॉवर भागच छाटतोय का? मास्टर इतका वर असेल की पॉवर ट्यूबच दबल्यात, तर छाटणी लूपच्या पुढेही चालू असते आणि तिथेही बूस्ट गिळला जातो. हे छोट्या, पाच-पंधरा वॉटच्या ट्यूब ॲम्पना मोठ्या ड्रमरसमोर होतं. त्यावर पेडल नाही. ॲम्पला माइक लावा आणि रिदमची मूळ पातळीच खाली आणा.

आणि लूपची पातळी जास्त आहे का? सेंडमधून येणारा सिग्नल पेडलला न झेपणारा असेल तर इक्वलायझरच फाटका आवाज काढतो. मागे लेव्हलचा स्विच असेल तर कमी पातळीवर टाका.

गुणगुण, सुस्कारे आणि पायांचा नाच

हाय-गेनच्या पुढे बूस्ट म्हणजे गुणगुणही बूस्ट. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) नुसता गिटारनंतर लावला तर ॲम्पने स्वतः निर्माण केलेला हिस्स तसाच राहतो, आणि नुसता लूपमध्ये लावला तर हळू वाजवलेले सूर कापले जातात. बॉस एनएस-२ सारख्या, स्वतःचं सेंड-रिटर्न असलेल्या गेटला चार केबलनी जोडा. गिटार गेटच्या इनपुटला. गेटच्या सेंडमधून ओव्हरड्राइव्ह आणि तिथून ॲम्पचा इनपुट. ॲम्पचं सेंड गेटच्या रिटर्नला. गेटचा आउटपुट ॲम्पच्या रिटर्नला. आता गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून ठरवतो आणि आवाज कापतो प्रीॲम्पनंतर.

चार केबल जोडल्यावर नव्यानेच ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगला एकाहून जास्त वाटा मिळाल्याचा परिणाम. सगळी पेडलं आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, पेडलांना वेगवेगळ्या आउटपुटचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय द्या. अर्थिंगची पिन काढून घरघर थांबवायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. ट्यूब ॲम्पमध्ये शेकडो व्होल्ट खेळत असतात आणि आत काही बिघडलं तर तीच पिन तुमच्या आणि गिटारच्या तारांच्या मध्ये उभी असते. आणि हेडची (स्पीकर वेगळा असलेल्या ॲम्पची) जोडाजोड करताना कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, लावल्याशिवाय ॲम्प सुरू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो खर्च या सगळ्या पेडलांपेक्षा जास्त आहे.

केबल लांबली की ट्रेबल मरतो. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे गिटारपासून ॲम्पपर्यंत बारा मीटर झाली की टोनचा नॉब थोडा बंद केल्यासारखं होतं. साखळीत पहिलं एखादं बफर (लांब केबलमध्ये ट्रेबल मरू न देणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवा. बॉसची साधी पेडलं बंद असतानाही बफर असतात, तेवढं पुरतं.

राहिला पायांचा प्रश्न. क्लीनवरून सोलोला जायचं म्हणजे चॅनल, ओव्हरड्राइव्ह, इक्वलायझर, डिले अशी चार बटणं एका ठोक्यात दाबायची. ते जमत नाही. बॉस ईएस-५ किंवा ईएस-८ सारखा लूप स्विचर एका बटणात पेडलंही बदलतो आणि कंट्रोल जॅकमधून ॲम्पचा चॅनलही. महाग आहे, पण चार चॅनलच्या हेडपेक्षा स्वस्त. तेवढं नको असेल तर गाण्यांची यादी समोर ठेवून बघा की कुठला बदल खरंच गाण्याच्या मध्ये होतो. बहुतेकांचा एकच असतो, रिदमवरून सोलो, आणि त्याला लूपमधलं एकच बटण लागतं. बाकीचे बदल दोन गाण्यांच्या मध्ये, गायक बोलत असताना करता येतात.

स्विचर घेतलात आणि चॅनल बदलला पण दुसरं काहीच हललं नाही, तर केबल बघा. दोन बटणांच्या फूटस्विचला बहुधा स्टिरिओ जॅकची केबल लागते. तिथे साधी गिटार केबल लावली की एकच बटण चालतं. आणि चॅनल एकदा दाबून बदलत नसेल, बटण धरून ठेवावं लागत असेल, तर स्विचर 'मोमेंटरी'वर आहे आणि ॲम्पला 'लॅच' हवंय. सेटिंगमध्ये ते बदलता येतं.